येते हं

“ताई, इथंच उघडून बघा. आवडलं नाही तर बदलून देईन.”

जयमालाने लाल कागदात गुंडाळलेलं लांबट काहीतरी माझ्या हातात कोंबलं आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. हळदीकुंकवाचं वाण कुणी बदलून देतं का? पण तिचं सगळं असंच. बार्शीची पोर, तोंडाने फटकळ आणि मनाने भाबडी. बाहेर हातभर बर्फ पडला होता आणि तिच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही नऊजणी गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. अमेरिकेत आल्यापासूनचं तिचं हे पहिलंच हळदीकुंकू होतं.

मी कागद फाडला. आत निळ्या दांड्याचा स्क्रेपर. गाडीच्या काचेवर साठलेला बर्फ खरवडतात ना, तो.

“अगबाई, हे काय? उलथनं?” मंदाकिनी रानडे ओरडली आणि सगळ्याजणी खो खो हसल्या.

“हसा, हसा!” जयमाला म्हणाली. “डबे आणि वाट्या देऊन काय करू? तुमच्या घरी ढीग पडलाय. खाली तुमच्या गाड्या उभ्या आहेत. निघताना काच खरवडावी लागणार की नाही? मग?”

“आणि तुझी काच गं?” मी विचारलं.

“माझी गाडी काच पुसूनच येते, ताई. ड्रायव्हरसकट येते. आत हीटर लावून येते.”

पुन्हा हशा. ती बसबद्दल बोलत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या सगळ्या मंडळात बसने कामाला जाणारी ती एकटी होती, आणि जिच्याकडे गाडीच नाही तिने आम्हा गाडीवाल्यांना स्क्रेपर वाटले होते.

त्याला आता अठरा वर्षं झाली. तेवढ्या काळात मी तीन गाड्या बदलल्या. तो स्क्रेपर मात्र प्रत्येक वेळी जुन्या गाडीच्या सीटखालून काढून नव्या गाडीच्या सीटखाली ठेवला. फेकवत नाही आणि वापरवतही नाही.

आम्ही तेव्हा डेट्रॉइटच्या उत्तरेला एका उपनगरात राहायचो. ज्या मुलखात मोटारीच बनतात तिथे बसने जाणाऱ्या माणसाकडे लोक कसं बघणार? वाईट बघत नाहीत, बघतच नाहीत. बसस्टॉप म्हणजे रस्त्याच्या कडेला एक खांब. ना छप्पर, ना बाकडं, ना फुटपाथ. बर्फ काढणारी गाडी आली की रस्त्यावरचा सगळा बर्फ त्या खांबाच्या बुडाशी ढकलून पुढे जायची. तिथे कुणी उभं राहत असेल हे तिच्या गावीही नसायचं.

जयमाला तिथे उभी राहायची. तिचा नवरा धनंजय पुण्याच्या कंपनीकडून आलेला, त्याचा कारखाना उलट्या दिशेला. घरात एकच गाडी, ती घेऊन तो पहाटे पाचला बाहेर. हिची ड्रायव्हिंग टेस्ट दोनदा हुकलेली. चार वर्षं घरात बसून काढल्यावर हिला वर्क परमिट मिळालं आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम लागलं. बार्शीला ती हेच करायची. हात असा हलका की सुई कधी शिरली ते कळू नये. गप्पा मारता मारता समोरच्याच्या कोपराची शीर चाचपायची तिला खोड होती. “ताई, तुमची शीर काय सुरेख आहे हो!” असं मला तिने भर लग्नात सांगितलं होतं.

“गळ्यात माझ्या नावाचा बॅज आहे, ताई,” ती म्हणायची. “मिसेस बोराटे नाही, जयमाला.”

धनंजयचा प्रोजेक्ट एप्रिलमध्ये संपणार होता. हिची नोकरी पक्की झाली तर तो मुदत वाढवून घेणार, नाहीतर सामान बांधून परत, असं नवराबायकोत ठरलेलं. त्यामुळे त्या बॅजवर तिचं सगळं टांगलेलं होतं. पक्कं होण्यासाठी नव्वद दिवस भरायचे आणि त्यात तिसऱ्यांदा उशीर झाला की घरी. दोनदा झाला होता.

त्या उशिराचं कारणही सांगते. तिची ड्यूटी सातची. पहिली बस सहा पाचला, ती वीस मैल हिंडून सहा चाळीसला शेवटच्या स्टॉपवर सोडायची. तिथून हॉस्पिटल दीड मैल. पुढची बस धरली तर पोचायला सव्वासात. म्हणून ही बाई बर्फात रोज तो दीड मैल पळायची. नऊवारीतल्या आजीची नात, स्नो-बूट घालून, डबा छातीशी धरून पळतेय. पळाली की सातला एक मिनिट कमी असताना पोचायची. पाय घसरला की तीन मिनिटं उशीर.

माझ्या गाडीला तेवढ्याच वाटेला पंचवीस मिनिटं लागायची. हो, माझं ऑफिस त्या हॉस्पिटलपासून दोन सिग्नल पुढे होतं. मी सव्वासहाला निघायची. तिचा खांब माझ्या वाटेवरच होता.

मग रोज का नाही नेत होते तिला? नेलं होतं. नोव्हेंबरात आठ दिवस नेलं. पहिल्या दिवशी ती हातात फॉइलमध्ये गुंडाळलेलं गरम थालीपीठ घेऊन आली. दुसऱ्या दिवशीही आणली थालीपिठं. गाडीत लसणाचा वास बसला. पंचवीस मिनिटं तिचं तोंड बंद नसायचं. पेशंट काय म्हणाला, बसमधली आफ्रिकन-अमेरिकन ड्रायव्हर लॉरेटा काय म्हणाली, बार्शीच्या भावजयीने काय केलं. मधेच “ताई, वळणावर जरा हळू.” मी! चाळिसाव्या वर्षी, नवऱ्याची टिंगल सोसून, रडतरखडत गाडी शिकलेली मी, आणि मला वळण शिकवतेय कोण, तर दोनदा नापास झालेली!

पण खरी गोष्ट थालीपिठाची नव्हती. माझ्या घरी तेव्हा सासूबाई, नवरा, वयात आलेल्या दोन मुली. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत मी कुणाची ना कुणाची काहीतरी. ती पंचवीस मिनिटं तेवढी माझी होती. गाडीचं दार लावलं की मी कॅसेट लावायची, डब्यातला शिरा बोटांनी खायची, बॉसला सांगलीच्या अस्सल शिव्या घालायची, कधी कधी भोकाड पसरून रडायची आणि पार्किंगमध्ये तोंड पुसून प्रमिला हिर्लेकर म्हणून उतरायची. शेजारी जयमाला बसली की मी ताई व्हायची. तिथेही ताईच. जिवावर यायचं हो.

नवव्या दिवशी मी तिला सांगितलं, “माझी वेळ बदलली गं. आता साडेआठला जाते.”

“असू दे, ताई. आठ दिवस नेलंत हेच खूप झालं,” ती म्हणाली. वर शेवटचं थालीपीठ घरी पोचवून गेली.

आणि मी दुसऱ्या दिवसापासून तो खांब टाळून उजवीकडे वळून हायवेने जायला लागले. तीन मैल लांब पडायचं. पण एकटीने.

तर आता परत त्या हळदीकुंकवाला येऊ.

तिळगूळ झाला, मटारची उसळ झाली, अत्तर लावून झालं. सहा वाजले तशा एकेकजणी उठल्या. मी दाराशी बूट चढवत होते. एक पाय आत, एक बाहेर. तेवढ्यात जयमाला तबक हातात घेऊन माझ्यामागे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल.”

“विचार की.”

“सुपरवायझरने मला मंगळवारपासून आठची पाळी दिलीय. मग पळायचं कामच नाही. बस्स, उद्याचा सोमवार तेवढा सातचा आहे. पण काल हा एवढा बर्फ पडलाय. त्या दीड मैलात फुटपाथ कुणी साफ केलेला नसणार, पळता यायचं नाही. आणि हे दोन दिवस ओहायोला गेलेत.” तिने तबक सावरलं. “तुमची वेळ बदललीय, माहीत आहे मला. पण उद्या एक दिवस लवकर निघाल का? मी सहालाच खांबापाशी उभी राहीन, तुम्हाला आत वळायलासुद्धा लागणार नाही. नाहीतर टॅक्सी सांगून ठेवते. तुम्ही काय ते सांगा.”

मागून मंदाकिनी म्हणाली, “प्रमिला, हल की गं, दार अडवून उभी आहेस!” दारातून वारा असा आत येत होता की तबकातलं निरांजन विझलं.

मी दुसऱ्या बुटाची चेन ओढली, जयमालाच्या हाताला हात लावला आणि म्हटलं, “बरं, येते हं.”

तिचा चेहरा उजळला. “बरं, ताई. सावकाश जा,” ती म्हणाली.

मी खाली आले, नव्या स्क्रेपरने काच खरवडली आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी रेडिओवर सांगत होते, पारा शून्याखाली सहा. इथला शून्य म्हणजे आपला बर्फाचा शून्य नव्हे, त्याच्या कितीतरी खालचा. गराजमध्ये ह्यांची गाडी आणि वीस वर्षांचा पसारा, त्यामुळे माझी गाडी उघड्यावर. पुन्हा तो निळा दांडा हातात घेतला. बोटं बधिर झाली. सहा वाजून सतरा मिनिटांनी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले.

डावीकडे तिचा खांब, जेमतेम अर्धा मैल. उजवीकडे हायवे.

“मी काही कबूल केलं नव्हतं,” मी मोठ्याने म्हणाले. गाडीत मी मोठ्यानेच बोलते. “तिने टॅक्सी सांगितली असेल. शहाणी आहे ती.”

उजवीकडचा दिवा लावला आणि वळले. कॅसेट लावली. डबा उघडला. शिरा होता, एक घास खाल्ला. साखर कमी पडलीय असं म्हणून मी डबा बंद केला.

संध्याकाळी फोन वाजला. जयमालाचा आवाज बसला होता.

“ताई, रागावू नका हं. तुम्हाला एक गंमत सांगते.”

“काय गं?”

“माझी नोकरी गेली.”

मी भाताचा कुकर लावत होते. शिटी हातात तशीच राहिली.

“सव्वाआठला पोचले,” ती म्हणाली. “ती सुपरवायझर बाई वाईट नाही हो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण कागदावर तिसरी वेळ लागली. बॅज मागितला, मी काढून दिला.”

“अगं, पण…” आणि मग मी जे विचारलं त्याची मला अजून लाज वाटते. “पण तू बस का नाही धरलीस?”

मग ती म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात ना, ‘येते’.”

तिथे मला खरं बोलता आलं असतं. एक वाक्य होतं फक्त. त्याऐवजी मी काय केलं? मी हसले. 

“अगं वेडे! ते निघतानाचं ‘येते’! आपण जाते म्हणतो का कधी? मी तर घरी निघाले होते!”

ती थोडं थांबली. मग ती हसली. आधी थोडं, मग मोठ्याने, खोकला येईपर्यंत. “अगबाई! खरंच की हो! मीच खुळी. तुम्ही आपल्या निरोप घेताय आणि मी समजले तुम्ही गाडी घेऊन येताय! आता काय म्हणावं माझ्या डोक्याला?”

“वाईट वाटून घेऊ नकोस,” मी म्हटलं. “दुसरी मिळेल नोकरी.”

“तर काय! तुमचा काय दोष यात? माझाच कान बार्शीचा.”

पंधरा दिवसांत तो विनोद मंडळभर झाला. रथसप्तमीला मंदाकिनीकडे जमलो तर जी उठेल तिला बाकीच्या विचारायच्या, “निघतानाचं ‘येते’ की गाडी घेऊन ‘येते’?” आणि हसून हसून डोळे पुसायच्या. सगळ्यात जास्त हसायची ती जयमालाच. नक्कल करून दाखवायची, आपण खांबापाशी कशा उभ्या होतो, लाल गाडी दिसली की कसा हात करत होतो. माझी गाडी लाल होती. मी पण हसायची. चोराला चोर म्हणून कुणी धरलंच नाही, तर चोराने काय करावं? मी तिच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला, अर्ज आणून दिले. मंडळातल्या बायका म्हणाल्या, प्रमिला किती करते बाई तिच्यासाठी.

फेब्रुवारीच्या शेवटी माझी गाडी बर्फावरून घसरून कडेच्या दगडाला घासली आणि चार दिवस गॅरेजला गेली. हे म्हणाले, मी सोडतो. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, नको, बसने जाते.

सहाला खांबापाशी जाऊन उभी राहिले. पाचच मिनिटं. पाच मिनिटांत पायाची बोटं आहेत की नाहीत ते कळेना. बस आली, दार उघडलं, ऊब अंगावर आली. ड्रायव्हरच्या जागी एक धिप्पाड बाई, डोक्याला जांभळा रुमाल. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “तू जयाच्या देशाची का?”

“हो,” मी म्हटलं. हीच लॉरेटा.

“बस इथे पुढे. ती इथेच बसायची. कुठे आहे ती? बरी आहे ना?”

बसमध्ये दहाबारा माणसं होती. मागून एका म्हाताऱ्याने मान पुढे काढली. “जया? माझ्या हाताची शीर शोधून देणारी?” एक विद्यार्थिनी कानातली वायर काढून ऐकायला लागली. ती माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती. कुणाची मुलगी बाळंत व्हायची होती, त्याची चौकशी चालली होती. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने गाडी चालवली होती आणि शेजारच्या गाडीतलं एक तोंड मला आठवत नव्हतं.

“तिची नोकरी गेली,” मी सांगितलं.

लॉरेटाने सिग्नलला गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवर हात आपटला. “मला वाटलंच होतं. त्या सोमवारी ना? मी तिला बजावत होते, चढ. दार उघडं ठेवून पुरतं एक मिनिट थांबले. मागचे लोक ओरडायला लागले, बर्फ आत येतोय म्हणून. मी म्हटलं, जया, आज पळायला नको, मी शेवटच्या स्टॉपच्या पुढे अगदी हॉस्पिटलच्या जवळ सोडते तुला, नियमात बसत नाही, पण आजच्या दिवस सोडते. चढ. तर हसून मान हलवली. काय म्हणाली माहीत आहे?”

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“म्हणाली, माय सिस्टर इज कमिंग.”

सिग्नल हिरवा झाला. लॉरेटा पुढे बघून बोलत राहिली.

“सात दहाला मी दुसऱ्या फेरीला आले तर तिथेच उभी. हालली नव्हती. पापण्यांवर बर्फ. मी हाताला धरून आत ओढली. म्हटलं, कुठे आहे तुझी बहीण? तर म्हणते, काहीतरी झालं असेल तिला, गाडी घसरली असेल, मला तिच्या घरी फोन करायला हवा. मला थर्मासमधली कॉफी देऊ देईना, आधी तुझा फोन दे म्हणे. तुझ्या बहिणीचं काय झालं शेवटी? बरी आहे ना ती?”

“बरी आहे,” मी म्हटलं.

“देवाची कृपा,” लॉरेटा म्हणाली.

त्या सोमवारी सकाळी सव्वासातला आमच्या घरी फोन आला होता. ह्यांनी घेतला होता. मला ते संध्याकाळी म्हणालेही होते, “ती बोराटेंची जयमाला विचारत होती, ताई सुखरूप पोचल्या का म्हणून. मी म्हटलं, हो, रोजच्यासारखी सव्वासहाला गेली की.” मी ते ऐकलं होतं आणि कानाआड केलं होतं. रोजच्यासारखी सव्वासहाला. म्हणजे माझी वेळ बदलली नव्हती हे तिला त्या सकाळीच कळलं होतं. आणि तरी संध्याकाळी फोनवर तिने मला ‘रागावू नका’ म्हणून सुरुवात केली. आणि मी ‘निघतानाचं येते’ म्हटल्यावर तिने आधी थोडं थांबून मग हसून दाखवलं.

बसच्या त्या पुढच्या सीटवर मला हे सगळं एकदम उमगलं.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते. तिच्या दाराशी, एका पायात बूट घालून उभी होते तेव्हा मला तिचा प्रश्न नीट ऐकू आला होता. ‘हो’ म्हणायचं नव्हतं आणि तिच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायची लाज वाटत होती. ‘टॅक्सी सांग’ एवढं म्हटलं असतं तरी तिचं काम झालं असतं. पण त्याने मी वाईट दिसले असते. मग मला तो शब्द सुचला. आपोआप तोंडातून नाही आला, सुचला. तिला हवं ते तिने ऐकावं आणि मला हवं ते मी म्हटलेलं असावं. नरो वा कुंजरो वा. आई लहानपणी सांगायची, घरातून निघताना जाते म्हणू नये, अभद्र असतं, येते म्हणावं. म्हणजे आपण परत येणार, अशी मागच्या माणसाला खात्री असते. आईने दिलेला तो शब्द मी असा वापरला. तिचा चेहरा उजळलेला मी डोळ्यांनी बघितला होता. तरी जिने उतरून गेले.

एप्रिलमध्ये बोराटे परत निघाले. जायच्या आदल्या दिवशी मी दोघांना जेवायला बोलावलं. मसालेभात केला, जिलबी मागवली, जयमालासाठी हिरवी साडी आणली. दिवसभर मी मनात घोकत होते. आज सांगायचं. ती शिव्या देईल, थोबाडीत मारेल, चालेल.

जेवणं झाली. धनंजय आणि हे आमच्याकडच्या दोन रिकाम्या बॅगा त्यांच्या गाडीत टाकायला बाहेर गेले. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. मी ओटा पुसता पुसता म्हटलं, “जयमाला, त्या सोमवारी मी…”

“ताई,” ती म्हणाली, “मसालेभात काय सुरेख झाला होता हो. गोडा मसाला सांगलीचा का?”

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही. शांतपणे बघत राहिली. शिव्या देणाऱ्याचे डोळे असे नसतात.

“हो, सांगलीचा,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली आणि हात पुसले.

हॉलमध्ये सासूबाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. जयमाला त्यांच्या पाया पडली. मी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. तिने वाकून मलाही नमस्कार केला. उठली, दाराशी गेली, चपला घातल्या आणि वळून ठणठणीत आवाजात म्हणाली, “जाते, ताई.”

“अगं ए!” सासूबाई खुर्चीतून ओरडल्या. “जाते म्हणू नये पोरी! येते म्हण, येते.”

जयमाला हसली. मग माझ्याकडे बघून, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “नको. येते म्हटलं की माणूस वाट बघत उभं राहतं.”

धनंजयने हॉर्न दिला. ती पायऱ्या उतरली, गाडीत बसली, मागे वळून बघितलं नाही. मी दार धरून उभी होते.

सासूबाईंना ऐकू कमी यायचं. “काय गं?” त्यांनी मला विचारलं. “काय म्हणाली शेवटी?”

“येते म्हणाली,” मी सांगितलं.